सायकलला ट्रेलर जोडून मंडई, दळण आणि कोकण: काय बघायचं, कसा करून घ्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कोथरूडला राहता, साधी स्टीलची हायब्रिड सायकल आहे, पुढे ३ मागे ७ गिअर, आठवड्याची भाजी, दळण, पाण्याचा जार आणि कधीमधी गॅसचा सिलिंडर आणायला ट्रेलर हवाय, तोच ट्रेलर डिसेंबरात दोघं कोकणात जाल तेव्हाही वापरायचाय, बाहेरून मागवू की इथेच करून घेऊ, एकचाकी की दोनचाकी, आणि चार वर्षांच्या मुलीला त्यात बसवता येईल का. मी कर्वेनगर-वारजे भागात घरोघरी धान्य पोचवते ते सायकलच्या ट्रेलरवरूनच, बरीच वर्षं झाली, घरचंही सगळं त्यावरच येतं, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगते. ट्रेलरचं नाव काढलं की सगळे विचारतात "ओढवतं का हो तेवढं?" ओढवतं. सपाट रस्त्यावर ३० किलो मागे आहे हे दोन चौक गेल्यावर विसरायला होतं. ओढायची काळजी करूच नका, काळजी करायची ती थांबवायची, वळवायची आणि वजन कुठे ठेवलंय त्याची. मी खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून याच गोष्टीवर येणार आहे.

आणि ट्रेलर लागतोच का हेही बघा. आठवड्याचं सामान १५ किलोच्या आत बसत असेल तर मागच्या कॅरिअरला दोन बाजूला दोन पिशव्या, संपला विषय, गल्लीबोळातून सुळकन निघता, पार्किंगची कटकट नाही. तुमच्या यादीत मात्र पाण्याचा जार आहे (२० लिटर म्हणजे नुसतं पाणीच २० किलो), दळण आहे, सिलिंडर आहे, म्हणजे एका फेरीत ३०-४० किलो सहज होणार, तिथे कॅरिअरवर लादलं की सायकलचं पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात राहत नाही. तेव्हा तुम्हाला ट्रेलर हवाच.

आता एकचाकी की दोनचाकी. एकचाकीत बॉब याक हा जुना आणि जगभर गाजलेला, ३२ किलोपर्यंत घेतो, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकतो आणि सायकलबरोबर कलतो. अरुंद पायवाट, खडकाळ रस्ता, लांबची ट्रिप यासाठी एकचाकी फार छान, सायकल जिथून जाते तिथून मागचं निमूट येतं. पण उभी करताना तारांबळ, सामान भरताना सायकल कुणीतरी धरायला लागते, आणि वजन थोडं वर गेलं की ते मागून सायकलला डोलवत राहतं. सिलिंडर तर विसराच. दोनचाकी आपापलं उभं राहतं, भरायला सोपं, सायकल सोडवून हातगाडीसारखं थेट किराणाच्या दुकानात नेता येतं. बर्ली कंपनीचा दोनचाकी ४५ किलोचा आहे, सर्ली कंपनीचा मोठा लांब ट्रेलर १३६ किलो घेतो, तो तुम्हाला कशालाच लागणार नाही पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. घरकामाला दोनचाकीच घ्या, आणि कोकणातला तुमचा रस्ता डांबरीच असणार म्हणून तिकडेही दोनचाकीच चालेल.

बाहेरचा मागवायचा की करून घ्यायचा यात माझं मत पक्कं आहे, करून घ्या. बाहेरचे ट्रेलर उत्तम असतात, हलके, घडी होणारे, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे येईपर्यंत भाडं आणि ड्युटी धरून किंमत कुठच्या कुठे जाते आणि उद्या त्याच्या हिचमधला (सायकलला जोडायच्या भागातला) एक रबरी तुकडा फाटला तर तो इथे मिळत नाही, ट्रेलर दोन महिने बाल्कनीत. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने केलेला ट्रेलर गुहागरला मोडला तरी गुहागरचा वेल्डिंगवाला जोडून देतो.

माप ठरवायचं ते क्रेटवरून. भाजीवाल्यांकडे जे जाळीचे प्लास्टिक क्रेट असतात त्यातला नेहमीचा साइज ६० बाय ४० सेंटिमीटर, असे दोन क्रेट एकामागे एक आडवे ठेवले की ६० रुंद आणि ८० लांब. फ्रेम आतून ६२ बाय ८२ ठेवा म्हणजे क्रेट सुळकन बसतील आणि इकडेतिकडे सरकणार नाहीत. चाकं बाहेरून लावली की एकूण रुंदी ८० सेंटिमीटरच्या आसपास जाते, म्हणून कागदावर काहीही काढायच्या आधी टेप घेऊन सोसायटीचं छोटं गेट, लिफ्टचं दार आणि फ्लॅटचा दरवाजा मोजा. जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट अडते. अडत असेल तर एका क्रेटच्या रुंदीचा, म्हणजे आतून ४२ चा करा, पेठांमध्ये राहणाऱ्यांना मी तोच सांगते.

पाईप. वेल्डिंगवाला सवयीने जाड पाईप काढेल, त्याला ग्रिल आणि गेट करायची सवय, त्याचा हातच तसा. २५ मिलिमीटर चौकोनी एमएस (साध्या लोखंडाचा) पाईप १६ गेजचा घेतला (गेज म्हणजे पत्र्याची जाडी, आकडा मोठा तितका पत्रा पातळ) तर मीटरला साधारण १.२ किलो भरतो, १९ मिलिमीटर १८ गेजचा घेतला तर मीटरला पाऊण किलोच्या आत. पूर्ण ट्रेलरला सातेक मीटर पाईप जातो, म्हणजे फरक तीन-साडेतीन किलोचा, आणि तो रिकामा असतानाही रोज ओढायचाय. सायकलला जोडणारा दांडा आणि चाकांचे आधार २५ चे, बाकी चौकट १९ ची, एवढं ठरवून सांगा. खाली प्लायवूड नको, पावसात फुगतं आणि जड होतं, दोन आडव्या पट्ट्यांवर क्रेट बसले की झालं.

वेल्डिंग करताना तिथे उभं राहा, हे मी हात जोडून सांगतेय. आधी फक्त टॅक, म्हणजे कोपऱ्यांना वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारून घ्यायचे, मग चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग, कारण गरम झालं की लोखंड ओढतं आणि चौकट वाकडी होते. मग चाकं. दोन्ही चाकं एकमेकांना समांतर आहेत का हे बघायला रिमपासून रिमपर्यंतचं अंतर एकदा पुढच्या बाजूला मोजा आणि एकदा मागच्या बाजूला, अ‍ॅक्सलच्याच (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) उंचीवर, दोन्हीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. जास्त असला तर चाक रस्त्यावर घासत जातं, ओढायला जड लागतं आणि टायर महिन्या-दोन महिन्यांत भुगा होतो, आणि माणूस म्हणतो ट्रेलर जड आहे. ट्रेलर जड नसतो, चाकं फाकलेली असतात.

चाकं १६ किंवा २० इंची, लहान मुलांच्या सायकलची. मोठं चाक खड्ड्यातून छान जातं हे खरं पण दोनचाकी ट्रेलर वळताना कलत नाही, त्यामुळे वळणावर चाकाला आडवा मार बसतो आणि मोठ्या चाकाच्या तारा त्याला लवकर सैल पडतात. यातली खरी मेख अ‍ॅक्सलची आहे. सायकलच्या पुढच्या चाकाचा अ‍ॅक्सल बारीक असतो, तो दोन्ही बाजूंनी धरलेला हवा, एकाच बाजूने धरला तर वजनाने वाकतो. त्यामुळे एक तर प्रत्येक चाकाला आतून आणि बाहेरून दोन्हीकडे पट्टी द्या (रुंदी वाढते, ती आधीच धरा) किंवा व्हीलचेअरची चाकं शोधा, त्यांचा १२ मिलिमीटरचा जाड अ‍ॅक्सल एकाच बाजूने धरायलाच केलेला असतो.

आता जोड, म्हणजे हिच. ट्रेलरमध्ये जपायची गोष्ट हीच. दोन जागा असतात, सीटपोस्ट (सीटखालची नळी) किंवा मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल. सीटपोस्टला जोडलं की करायला सोपं, पण ट्रेलरचा धक्का उंचावर बसतो आणि ब्रेक मारला की मागचं वजन सायकलला खांद्याजवळ ढकलल्यासारखं ढकलतं. हलक्या सामानाला ठीक आहे. ३०-४० किलोला अ‍ॅक्सलच, डाव्या बाजूला, कारण उजवीकडे चेन आणि गिअर. डाव्या नटाखाली ३ मिलिमीटरची स्टीलची पट्टी बसवायची, तिच्या भोकात दांड्याचं टोक. नट पूर्ण बसल्यावर आटे नटाच्या बाहेर दिसले पाहिजेत, दिसत नसतील तर अ‍ॅक्सल लांब घ्या, जुळवून घेऊ नका. तुमच्या सायकलला डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) डावीकडेच असतो, पट्टीला थोडा बाहेर बाक द्यावा लागेल.

जोडाला तीन हालचाली जमल्या पाहिजेत, डावी-उजवी वळणाला, वर-खाली स्पीडब्रेकरला, आणि स्वतःभोवती पीळ, म्हणजे सायकल कलली किंवा आडवी पडली तरी ट्रेलर सरळ उभा राहील. तिसरी हालचाल बरेच कारागीर विसरतात आणि दोन पिनांचा बिजागरासारखा जोड करून देतात, मग पहिल्याच वळणावर सायकल कलायला गेली की जोड तिला कलू देत नाही आणि काहीतरी वाकतं. रॉड एंड बेअरिंग नावाचा सुटा भाग हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतो, डोळ्यासारखं भोक आणि आत फिरणारी गोळी, तो बसवा. किंवा जाड हायड्रॉलिक होजचा बोटभर तुकडा दोन्हीकडून बोल्टने पकडला तरी तिन्ही हालचाली होतात आणि धक्केही तोच खातो. पिन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असते तशी, शेवटी रिंग असलेली लिंच पिन, आणि सगळे नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे. याउपर एक सेफ्टी पट्टा, दांड्याला पक्का बांधून सायकलच्या चेनस्टेभोवती (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीभोवती) फिरवून अडकवायचा. जोड तुटला तरी ट्रेलर सुटून मागच्या रिक्षाखाली जाणार नाही. पट्ट्याशिवाय मी समोरच्या दुकानापर्यंतही जात नाही.

वजन मांडणं. ज्यांनी बैलगाडी भरलीय त्यांना हे सांगायला लागत नाही, गाडी उलाळ (मागे जड) झाली तर जू वर उचललं जातं आणि धुरजड (पुढे जड) झाली तर बैलाच्या मानेवर येते, इथेही तेच, फक्त बैलाच्या जागी तुमचं मागचं चाक. सामानाच्या दहाव्या हिश्श्याइतकं वजन जोडावर यायला हवं. ४० किलो सामान असेल आणि जोडापासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपर्यंत ११० सेंटिमीटर अंतर असेल, तर सामानाचा मध्य अ‍ॅक्सलच्या ११ सेंटिमीटर पुढे आला की जोडावर बरोबर ४ किलो येतात. म्हणून चाकं चौकटीच्या मधोमध लावायची नाहीत, मध्यापासून दहा सेंटिमीटर मागे लावायची, म्हणजे दोन्ही क्रेट सारखे भरले तरी हिशोब आपोआप जमतो. खात्री करायची तर घरातला वजनकाटा दांड्याच्या टोकाखाली, जोडाच्या उंचीइतक्या स्टुलावर ठेवा, ४ ते ६ किलो दाखवला की निघा. शून्याखाली गेला, म्हणजे दांडा आपोआप वर उचलला जातोय, तर निघूच नका, कारण उतारावर असा ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवी मारायला लागतो, मागच्या चाकाची पकड जाते आणि ब्रेक मारला तर आणखी वाढतं.

आणि जड ते खाली. चाकांमधलं अंतर ७० सेंटिमीटर धरलं आणि सामानाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असला, तर ४ मीटर त्रिज्येच्या वळणावर (म्हणजे आपल्या कॉलनीतला नेहमीचा कोपरा) ताशी १७ किलोमीटरला आतलं चाक उचलायला लागतं, तोच ४० सेंटिमीटरवर आणला तर २१ पर्यंत दम धरतो. हे गुळगुळीत रस्त्याचं गणित आहे, त्यात आतलं चाक एखाद्या उंचवट्यावर चढलं की सगळं आणखी आधी होतं. मी वळणावर १०-१२ च्या वर जात नाही.

ब्रेक. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो आणि मागे ४० असेल, ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसतो, तर तितकाच ब्रेक दाबून थांबायला दीडपट अंतर लागतं. हे अंगवळणी पडेपर्यंत पुढच्या गाडीपासून लांब राहा, बसच्या मागे तर मुळीच चिकटू नका. वळणावर ब्रेक मारायचा नाही, वळणाच्या आधी मारून घ्यायचा, कारण वळताना ट्रेलर मागच्या चाकाला तिरकं ढकलतो, रस्ता ओला असेल तर चाक बाजूला सरकतं आणि ट्रेलर सायकलशी काटकोनात येतो. जूनच्या पहिल्या पावसात रस्त्यावर ऑइल वर येतं तेव्हा तर भरलेला ट्रेलर मी काढतच नाही, दोन-तीन जोरदार सरी होऊन रस्ता धुतला गेला की काढते. ब्रेकचे रबर स्वस्त असतात, झिजायची वाट बघू नका.

स्पीडब्रेकर. आपल्याला सवय असते कडेच्या फटीतून सायकल काढायची, जिथे स्पीडब्रेकर गटाराजवळ संपतो तिथून. दोनचाकी ट्रेलर मागे असताना हे करायचं नाही, सायकल फटीतून जाते आणि ट्रेलरचं उजवं चाक उंचवट्यावर चढतं, सामान वर असेल तर तिथेच कलंडतो. मधून सरळ, दोन्ही चाकं एकदम, चालण्याच्या वेगाने.

रस्त्यात मला सर्वांत जास्त भीती वाटते ती मोठ्या गाड्यांची नाही, बाईकवाल्यांची. त्यांना सायकल दिसते, सायकल पुढे गेली की मागची जागा रिकामी आहे असं धरून ते लगेच मागून आडवे काढतात, आणि तिथे गुडघ्याच्या उंचीचा ट्रेलर असतो. म्हणून बांबूची किंवा फायबरची काठी, चांगली दीड मीटर उंच, टोकाला भगवा-पिवळा काय असेल तो भडक झेंडा, मागे लाल रिफ्लेक्टर दोन्ही कोपऱ्यांना, आणि अंधार पडायच्या आधीच लाल लाइट चालू. सायकलचा मागचा लाइट ट्रेलरवरच्या सामानाने झाकला जातो, तो ट्रेलरलाच लावा.

घरच्या कामांचं सांगायचं तर फेरीचा क्रम महत्त्वाचा. सगळ्यात जड वस्तू सगळ्यात शेवटी आणि घराच्या सगळ्यात जवळून. मंडईला आधी जा, येताना गिरणीत दळण उचला, पाण्याचा जार कोपऱ्यावरून. नुसती सायकल असल्यासारखा ट्रेलर मंडईच्या गर्दीत घालू नका, सायकल बाहेर लावा, ट्रेलर सोडवून हातात धरून आत न्या किंवा नुसता क्रेट न्या. बटाटे-कांदे पुढच्या क्रेटमध्ये खाली, पालेभाजी-टोमॅटो मागच्यात वर. दळण गरम असतं तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत पाणी सुटतं आणि पिठाला वास लागतो, कापडी पिशवी घ्या आणि वर ताडपत्रीचा तुकडा. जार एक तर पूर्ण भरलेला न्या किंवा पूर्ण रिकामा, अर्धा भरलेला असला की पाणी आतल्या आत हिंदकळतं आणि प्रत्येक ब्रेकला मागून थप्पड बसते.

सिलिंडर उभाच न्यायचा, आडवा कधीच नाही. १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन धरून ३० किलोच्या आसपास जातो, उंच असल्याने ट्रेलर वरजड होतो, म्हणून त्या फेरीला दुसरं काही वर रचायचं नाही. क्रेट काढून टाकायचे, सिलिंडर अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे ठेवायचा आणि खाली एक वर एक असे दोन रॅचेट पट्टे (खटका ओढून आवळायचे). बंजीच्या (हुकवाल्या रबरी दोरीच्या) हुकांवर माझा विश्वास नाही, ताणून सुटतात आणि डोळ्याला लागतात. जुन्या ट्यूबचे लांब पट्टे कापून बांधले तर ते बंजीपेक्षा चांगले, पंक्चरवाला फुकट देतो.

एक गोष्ट राहायला नको, गणपती. आमच्याकडे मूर्ती ट्रेलरवरूनच येते, शाडूची, फूटभर. शाडू जड आणि ठिसूळ, गाडीच्या डिकीपेक्षा ट्रेलरमध्ये मला ती जास्त सुरक्षित वाटते कारण वेग माझ्या हातात असतो. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी करायची, क्रेटमध्ये घडी घातलेली गोधडी, चारही बाजूंनी उशा, आणि दोरी मूर्तीला नाही तर पाटाला. रस्त्यात लोक थांबून वाट देतात, हॉर्न वाजवत नाहीत, लहान मुलं मोरया म्हणत मागे पळतात. मला वर्षातली ही फेरी सगळ्यात आवडते.

आता कोकण. तुमचा रस्ता बहुतेक चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, मग म्हसळ्यावरून श्रीवर्धन-हरिहरेश्वर आणि किनाऱ्याने खाली असा असेल. डिसेंबर उत्तम. दोघांचं मिळून सामान ३० किलोच्या आत बसवा, बसतं. तंबू, अंथरूण, हत्यारं, पाणी ट्रेलरमध्ये, आणि दुसऱ्या सायकलवर कपड्यांच्या पिशव्या. ट्रेलर कुणी ओढायचा ते दर काही तासांनी बदलता यावं म्हणून जोडाची पट्टी दोन्ही सायकलींना बसवून ठेवा, अदलाबदल मग पिन काढून घालण्याइतकी सोपी.

चढाचं गणित सांगते. स्वार ६५, सायकल १५, ट्रेलर आणि सामान ४०, एकूण १२० किलो. ५ टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरने जायला सुमारे १२० वॅट लागतात, रोज सायकल चालवणाऱ्याला ते जमतं. ८ टक्क्यांवर मात्र त्याच वेगाला १८० च्या पुढे जातं आणि तुमच्या गिअरमध्ये ते गुडघ्यावर येतं. मागची सर्वांत मोठी दातेरी चकती २८ दात्यांची असेल तर निघायच्या आधी ३४ चा फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) बसवून घ्या, ७ गिअरमध्ये मिळतो, चेनही दोन-चार कड्या लांब लागेल. त्यावरही चढला नाही तर उतरा आणि ढकला. ढकलण्यात कसलाही कमीपणा नाही, दोनचाकी ट्रेलर ढकलताना तोल सांभाळावा लागत नाही, गप्पा मारत चढता येतं. आणि किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं मनात धरू नका, दर खाडीला खाली आणि दर सड्यावर (खडकाळ पठारावर) वर, छोटे पण छातीवर येणारे चढ आहेत, दिवसाला ४०-५० किलोमीटरच्या वर ठरवू नका.

ताम्हिणीची उतरण आणि नंतरचे हे उतार, इथे परत ब्रेक. १२० किलो वजन ५०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा निघते ती पावणेदोन लिटर पाणी उकळवायला पुरेल इतकी असते. काही वाऱ्यात जाते, बाकीची तुमच्या रिममध्ये किंवा डिस्कमध्ये. सतत हलका ब्रेक धरून उतरलात तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. सरळ पट्ट्यात थोडं सोडायचं, मग पुढचा-मागचा दोन्ही नीट दाबून वेग उतरवायचा, परत सोडायचं, आणि थोड्या थोड्या वेळाने थांबून रिमजवळ हात न्यायचा, लावायचा नाही, धग लागली तर दहा मिनिटं बसायचं. ट्रेलरसकट २५ च्या वर जाऊच द्यायचं नाही.

खाड्यांवर फेरीबोट आहेत, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, गाड्या-सायकली सगळं घेतात आणि त्यामुळे किनाऱ्याचा हा रस्ता सायकलवाल्यांसाठी सुखाचा आहे. धक्क्याचा उतार ओला, शेवाळलेला असतो. तिथे सायकलवर बसून उतरू नका, एकाने हँडल धरायचं आणि दुसऱ्याने ट्रेलर मागून ओढून धरायचा. बोटीत मोटारी आधी चढू द्या, आपण शेवटी, म्हणजे कुणाच्या चाकाखाली येत नाही. ट्रेलरचं चाक बोटीत दगड लावून अडवा.

बरोबर काय घ्यायचं तर ट्रेलरच्या मापाची ट्यूब दोन (१६-२० इंची ट्यूब गावात मिळते पण तुम्हाला हवी तेव्हा दुकान बंद असतं), चार जास्तीच्या लिंच पिना, जोडाचा एक पूर्ण सुटा संच, काही तारा, आणि बारीक लोखंडी तार. दर मुक्कामाला जोडाचे नट हाताने हलवून बघा, त्याला मिनिटही लागत नाही. येताना रत्नागिरीहून किंवा चिपळूणहून रेल्वे असेल तर सायकली पार्सल ऑफिसमध्ये बुक करून लगेज व्हॅनमधून येतात, ट्रेलर वेगळा नग धरला जातो, चाकं काढून चौकटीला बांधून ठेवलीत तर सोयीचं. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तिथून हे जमत नाही. आणि रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब आणि उंचावर आहे, तासभर हाताशी ठेवा.

मुलीचं शेवटी ठेवलं कारण त्यावर मला एकच उत्तर आहे, नाही. कोपऱ्यावरच्या बागेपर्यंतसुद्धा नाही. मुलांचे ट्रेलर वेगळे बनतात, त्यात पाच ठिकाणी बांधायचा पट्टा असतो, उलटला तरी मूल आत सुरक्षित राहील असा डोक्यावरून जाणारा सांगाडा असतो, हातपाय चाकात जाऊ नयेत म्हणून बंद बाजू असतात. आपण करून घेतलेल्या चौकटीत यातलं काहीच नाही, आणि जमिनीपासून दीड फुटावर बाईकवाल्यांच्या डोळ्यांआड मूल बसवायला माझं मन कधीच धजणार नाही. चार वर्षांची मुलगी मागच्या कॅरिअरवर बसवायच्या पट्टेवाल्या सीटवर हेल्मेट घालून बसू शकते, सीटवर किती किलोपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं ते तिच्या वजनाशी ताडून बघा. पण त्या फेरीला सायकलला ट्रेलर जोडू नका, मूल किंवा माल, एका वेळी एकच.